साहेब आत करतात तरी काय?

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी २७ वर्षे एका केबिनच्या दाराशी बसले. आत साहेब, बाहेर मी, मध्ये काचेचे दार आणि दाराला आतून पडदा. मशीनवरची माणसे रजेचा अर्ज घेऊन यायची, दाराकडे डोळे करून हळूच विचारायची, “सायब भितर करता तरी कितें गो?” मी हसून विषय बदलायची. खरे सांगायचे तर साहेब आत बोलत असत. फोनवर बोलत, माणसांशी बोलत, कधी दोन्ही एकदम. त्यांच्या बोलण्याची वही माझ्याकडे असे: कोण आले, किती वाजता आले, कधी गेले, चहा किती.

पुढे कधीतरी हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातल्या प्राध्यापकांच्या अभ्यासाबद्दल वाचले आणि वाटले, या माणसाने माझी वहीच पळवली. पाच कंपन्यांच्या प्रमुखांच्या मागे मागे राहून त्यांनी त्यांचा दिवस टिपला होता, आणि १९७३ साली तो छापून आला. निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत उरकलेली. तासाहून जास्त चाललेले काम दहात एक. ७८ टक्के वेळ तोंडी बोलण्यात गेलेला. लोकांची समजूत अशी, की प्रमुख म्हणजे शांतपणे खिडकीबाहेर बघत कंपनीच्या भवितव्याचा विचार करणारा गृहस्थ. माझ्या साहेबांची खिडकी बॉयलरच्या चिमणीकडे उघडत होती आणि ती उघडलेली मी पाहिल्याचे आठवत नाही. २०१८ साली हार्वर्डच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी २७ सीईओंचे सुमारे ६०,००० तास मोजले, तेव्हाही चित्र तेच निघाले. आठवड्याला ६२.५ तास काम, त्यातला ७२ टक्के वेळ मीटिंगमध्ये. मधल्या ४५ वर्षांत टाईपरायटर गेला, फॅक्स आला आणि गेला, मोबाईल आला. बोलणे काही संपले नाही.

आता या बोलण्यातले, वाचण्यातले आणि लिहिण्यातले किती यंत्र करू शकेल, असा प्रश्न सध्या विचारला जातो. माझ्यापुरते त्याचे उत्तर फार आधी मिळाले. १९९३ साली नोकरीला लागले तेव्हा शॉर्टहँडच्या जोरावर लागले. साहेब पत्र सांगत, मी टिपून घेई, टाईप करून सहीला ठेवी. मग कॉम्प्युटर आला आणि साहेब स्वतः ईमेल लिहू लागले. (त्यांचे इंग्रजी स्पेलिंग आधीपासूनच कच्चे होते, ते जगाला दिसू लागले एवढेच.) मग तिकिटे मोबाईलवर गेली, भेटीच्या वेळा कॅलेंडरवर गेल्या, मीटिंगची टिपणेही ध्वनिमुद्रणावरून परस्पर तयार होऊ लागली. २०२० साली माझी जागाच रद्द झाली. ऑटोमेशनमुळे कोणाकोणाच्या नोकऱ्या जातील यावर पणजीत चर्चासत्रे भरतात आणि बोलणारे बहुतेक साहेब असतात. माझी नोकरी गेली त्या दिवशी चर्चासत्र नव्हते. एक बुके होता आणि पितळेची समई होती. समई चांगली आहे, चतुर्थीला लावतो.

मात्र माझ्या टेबलावर यंत्र थांबलेले नाही, ते काचेच्या दारापलीकडे गेले आहे. महिन्याचा अहवाल घ्या. पूर्वी खात्याखात्यांतून आकडे यायचे, मी ते जुळवून तक्ते करायची, साहेब त्यावर दोन पाने शेरे लिहून वर पाठवायचे. आज आकडे सॉफ्टवेअर गोळा करते, तक्ते तेच काढते, दोन पाने शेरे चॅटजीपीटीसारखे एखादे यंत्र लिहून देते, आणि मुंबईत बसलेला वरचा साहेब ती दोन पाने तसल्याच यंत्राला घालून म्हणतो, पाच ओळींत सांग. माझा भाचा अशा एका ऑफिसात आहे, त्याने मला हे जेवताना सांगितले आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. एक यंत्र दुसऱ्या यंत्राला पत्र लिहिते आणि मध्ये दोन लठ्ठ पगार पोस्टमनकी करतात.

आपल्याकडे असे धरून चालतात, की यंत्र खालून वर चढत येते. आधी हमाल, मग कामगार, मग कारकून, आणि साहेबाच्या मजल्यापर्यंत पोचेतो त्याला धाप लागते. मला हे उलटे दिसते. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे, वीज येते-जाते आहे, अशा वेळी मोल्डिंग मशीनचा हीटर नेमका कुठे दगा देतो हे हात लावून, वास घेऊन सांगणारा फिटर आमच्याकडे होता. त्याचे काम यंत्राला द्यायचे तर आधी त्याच्यासारखा हात बनवावा लागेल, आणि तो हात त्याच्या पगारात परवडणार नाही. साहेबांचे काम त्या मानाने सोपे, कारण ते आधीपासूनच शब्दांत आणि आकड्यांत असते. वाचा, जुळवा, अंदाज बांधा, गोड भाषेत नकार द्या. नव्या यंत्राचे हे रोजचे खाणे आहे. गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई २०२५ साली बीबीसीशी बोलताना म्हणालेच, की सीईओचे काम हे एआयला पुढेमागे जमू शकणाऱ्या सोप्या कामांपैकी असेल. ज्याची खुर्ची त्यानेच सांगितल्यावर आपण कशाला भिडस्तपणा करा.

चीनमध्ये तर एक पाऊल पुढे गेले. नेटड्रॅगन या गेम बनवणाऱ्या कंपनीने २०२२ सालीच आपल्या एका उपकंपनीच्या प्रमुखपदी ‘तांग यू’ नावाची आभासी अधिकारी नेमल्याचे जाहीर केले. त्यात धंदा किती आणि जाहिरात किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला जाहिरातीचा वास जास्त येतो. आपल्याकडे हे व्हायचे नाही, निदान संचालकाच्या बाबतीत तरी नाही. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १४९ म्हणते, की संचालक मंडळ व्यक्तींचेच असावे. कलम १६६ म्हणते, की संचालकाने स्वतःची स्वतंत्र बुद्धी वापरावी. यंत्राला त्या खुर्चीत बसता येत नाही. पण खुर्चीच्या मागे उभे राहून साहेबांच्या कानात सांगायला त्याला कोणाची आडकाठी नाही, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच आहे. खुर्चीत बसलेले यंत्र निदान दिसले तरी असते.

माझे वडील खनिजाच्या बार्जीवर होते. मांडवीतून माल घेऊन मुरगावला जायचे. बार्जीच्या मालकाला ते पात्रांव म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्द, त्यात धनीही येतो आणि आश्रयदाताही. आमच्या कारखान्याचे पहिले मालक शेट होते. पात्रांव काय आणि शेट काय, त्यांच्याबद्दल गोड आठवणी सांगत बसायचा माझा विचार नाही. आमचे शेट ओव्हरटाईमचे पैसे तीन-तीन महिने लटकवत, दिवाळीला मिठाईचे खोके देऊन तोंड बंद करत आणि बायकांना पगारवाढ द्यायची म्हटले की त्यांना मंदी आठवे. तरी त्यांची एक संध्याकाळ मी विसरलेले नाही.

१९९७चा पावसाळा. प्रेसवर काम करणाऱ्या एका पोराची तीन बोटे गेली. सत्तरी तालुक्यातला पोर, वीस-एकवीस वर्षांचा. शेटनी त्याला आपल्या गाडीत घातले आणि बांबोळीच्या इस्पितळात नेले. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर जेवणाचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात पिशवी. पोर आत गेला आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. दिवेलागणीला वाळपईच्या बाजूने त्याचा बाप आला, छत्री गळत होती, ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी दोन्ही हातांत धरून तो शेटच्या शेजारी बसला. बराच वेळ गप्प. मग खाली बघत विचारले, प्रेसचा गार्ड काढायला कोणी सांगितले होते? ऑर्डर निकडीची होती, हात आत जाऊ न देणारा तो गार्ड लावला की दर तासाला माल कमी निघतो, म्हणून दोन दिवस तो काढून ठेवला होता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. शेट फोरमनचे नाव घेऊ शकले असते, आणि मला वाटले होते की घेतील. ते म्हणाले, “मी.”

पुढे नुकसानभरपाई झाली, त्या पोराला स्टोअरमध्ये काम दिले, गार्ड परत लागला आणि पुन्हा निघाला नाही. कायद्यानेही उत्तर तेच यायला हवे होते. १९४८च्या कारखाना कायद्यात ‘ऑक्युपायर’ म्हणून, कारखान्याला जबाबदार असा, एक माणूस ठरवावा लागे, आणि कारखाना कंपनीचा असेल तर तो संचालकांपैकीच एक असावा लागे. एखाद्या मॅनेजरला पुढे करून मोकळे होता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. ज्याने हा कायदा लिहिला त्याला कारखान्यातली माणसे माहीत होती. अपघात झाल्यावर ‘कोणी?’ या प्रश्नाला दहा उत्तरे येतात हे त्याने ओळखले होते.

दुसरे साहेब पुण्याचे, शिकलेले, नेमके. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही, आणि साहेबाबद्दल ही तक्रार नव्हे. तिसरे साहेब आले तोवर कारखाना विकला गेला होता. ते मुंबईत राहत, आठवड्यातून दोन दिवस दाबोळीच्या विमानतळावर उतरत. केबिनच्या भिंतीवर संगणकाचा भला मोठा पडदा लागला, त्यावर खात्याखात्यांचे हिरवे, पिवळे, लाल चौकोन. हिरव्याकडे कोणी बघत नसे. लाल झाला की फोन.

२०१९ साली पॅकिंगमधल्या कंत्राटी ४० जणांतून १४ कमी करायचे ठरले. यादी सॉफ्टवेअरने काढली. हजेरी, दर तासाला किती खोकी, किती चुका, यावरून प्रत्येकाला गुण. यादीत माशेलची एक बाई होती, आमच्याकडे ११ वर्षे. त्या वर्षी नवऱ्याच्या डायलिसिससाठी ती आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस सुटी घेत होती. रीतसर अर्ज, सुपरवायझरची सही. अर्ज मीच फाईलला लावलेले. पण हजेरीच्या रकान्यात मंजूर रजा आणि दांडी यांत फरक करणारा खण नव्हता.

ती माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, “म्हजें नांव कोणें घालें?”

मी तिला एचआरकडे पाठवले. एचआरने सांगितले, नाव सिस्टमवर आले. सुपरवायझर म्हणाला, मला कोणी विचारलेच नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचा मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, मॅडम, आम्ही फक्त गुण देतो, निर्णय तुमचा. शेवटी मी धीर करून साहेबांच्या कानावर घातले. ते दुष्ट नव्हते, त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, एकीसाठी सिस्टमच्या बाहेर गेलो तर बाकीच्या १३ जणांना काय सांगू? प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर. सगळ्यांची बेरीज केली की उत्तर येते: कोणीच नाही. कोणीच नाव घातले नाही आणि नाव यादीत आहे. ती परत आली तेव्हा मी तिला पाणी दिले. दुसरे काही देण्यासारखे माझ्याकडे नव्हते.

ऑटोमेशनने साहेबांचे किती तास वाचवले याचे हिशेब पुष्कळ मांडले जातात. मला जे दिसले ते असे, की त्याने साहेबांना उत्तर देण्यातून मोकळे केले आणि पगार होता तिथेच ठेवला. साहेबांचे काम यंत्राने घेतले तर मला हरकत नाही, माझे घेतलेच की. पण वाचन, तक्ते, अंदाज, पत्रे वजा केल्यावर त्या खुर्चीत उरते काय? विचारणाऱ्यासमोर बसून ‘मी’ म्हणणे उरते. तेवढेच यंत्राला देता येत नाही, आणि नेमके तेच साहेब लोक आनंदाने यंत्राकडे ढकलताना दिसतात.

हे आमच्या कुंडईचे रडगाणे आहे असे कोणाला वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे बघा. फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणकप्रणाली तिथे १९९९ पासून होती. प्रणालीतल्या चुकांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली, आणि त्या तुटीच्या आधारावर २०१५ पर्यंत ९००हून जास्त शाखाचालकांना गुन्हेगार ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींनी न घेतलेले पैसे घरदार मोडून भरले. तिथल्या न्यायालयांत संगणक बरोबर चालतो असेच धरून चालत, चुकतो हे आरोपीने दाखवायचे. पॉला व्हेनेल्स २०१२ ते २०१९ पोस्टाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. २०२४च्या मे महिन्यात चौकशीसमोर तीन दिवस त्यांची साक्ष झाली, त्यात त्या रडल्या, आणि त्यांच्या बोलण्याचा सूर असा होता, की मला पूर्ण माहिती दिली गेली नाही, मी विश्वास ठेवत गेले. खरेही असेल. पण मग हाताखालचे सांगतील तेवढेच मानायचे तर त्या पदाचा पगार कशासाठी, हे त्या शाखाचालकांनी कोणाला विचारायचे?

कॅनडात एका न्यायाधिकरणाने २०२४ साली याचे छान उत्तर दिले. एअर कॅनडाच्या वेबसाईटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. प्रवाशाने पैसे मागितले तेव्हा कंपनीच्या बचावाचा एक धागा असा होता, की चॅटबॉट आपल्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने तो उडवून लावला: वेबसाईट तुमची, तर तिच्यावरचे सगळे बोलणे तुमचे. रक्कम किरकोळ होती. मला भुरळ पडली ती कंपनीच्या धिटाईची.

दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. गोव्यात नोकरी कशी मिळते हे गोव्यात राहणाऱ्याला शिकवायला नको. पुण्याच्या साहेबांच्या काळात, निवडणूक जवळ आली की माझ्या टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा जमे. अमक्या आमदाराचा माणूस, तमक्या सरपंचाचा पुतण्या, कोणाच्या देवळातल्या महाजनांची शिफारस. कमी करायची वेळ आली की चिठ्ठीवाले राहत आणि बिनचिठ्ठीचे जात. ती माशेलची बाईही बिनचिठ्ठीचीच होती, शेटच्या जमान्यात ती ११ वर्षे टिकली असती की नाही कोण जाणे. यंत्राला मामा नसतो. हा त्याचा खरा गुण, आणि ज्यांना कधीच मामा नव्हता त्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

फक्त यंत्राला मामा नसला तरी यंत्राला रकाने आखून देणाऱ्याला असतो. त्या यादीत पॅकिंगचेच लोक का होते? त्या वर्षी सर्वांत लाल चौकोन मार्केटिंगचा होता. हजेरीला इतके गुण आणि चुकांना तितके, हे प्रमाण कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? पॅकिंगवर गाळणी लाव, मार्केटिंगवर नको, हे सॉफ्टवेअरने ठरवले नव्हते. कोणीतरी एका दुपारी वातानुकूलित खोलीत ठरवले होते. ते आतून ठरले आणि बाहेर पडताना गणित होऊन आले. पूर्वीच्या वशिल्याला निदान नाव आणि मतदारसंघ असे.

माझे आजोळ दुर्भाटला, झुआरीच्या काठी. खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधात जिथे नाला नदीला मिळतो तिथे मानस असते. शहरात वाढलेल्यांनी ती पाहिली नसेल: चिऱ्यांच्या भिंतीत बसवलेल्या लाकडी झडपा. भरती आली की नदीचे पाणीच झडपा लोटून बंद करते, ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. ना मोटर, ना पहारेकरी, दिवसातून दोनदा आपोआप. ऑटोमेशन म्हणून परदेशातून जे येते ते गोव्याच्या खाजनात शेकडो वर्षे चालू आहे, आणि त्याला कधी कोणी घाबरले नाही, कारण मानशीच्या मागे माणसे होती. झडप किडली का, खेकड्यांनी बांध पोखरला का, अमावस्येच्या भरतीला पाणी कुठवर चढले, हे बघणारे गाव होते. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आले.

मानशीतल्या मासळीची पावणी होते. जास्त बोली लावणारा वर्षभर तिथली सुंगटे-मासळी काढतो. आता पावणीचे पैसे मोजता येतात, कागदावर येतात, सभेत वाचून दाखवता येतात. बांधाची झीज मोजली जात नाही. मग बोली जिंकलेला माणूस रात्रीची झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवतो, खारे पाणी जास्त घेतो, कारण खाऱ्या पाण्याबरोबर मासळी येते. दोन-तीन वर्षे आकडा वाढत राहतो. मग एका पावसात बांध फुटतो आणि कोरगूट भात पिकणारे शेत पांढरे पडते. माझ्या मामांच्या शेताचे हेच झाले, आता तिथे कांदळ आहे. झडपेने तिचे काम चोख केले. तिला कोणता आकडा वाढवायला लावला, हे ठरवणाराच पुढे सापडला नाही. कंपनीच्या प्रमुखाचे खरे काम मला या मानशीवर जास्त कळते, व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत कमी. पावणीचा आकडा वाढताना बांधावर फिरून येणारा तो. पडद्यावरचे चौकोन बघून बांध कळत नाही.

करायचे काय, हा प्रश्न मी टाळत नाही. माझ्याकडे एक मागणी आहे आणि ती माझ्या धंद्यातूनच, म्हणजे वही ठेवण्यातून, आलेली आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे नियम आहे, की कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, कोणत्या तारखेला काय बदलले ते दिसले पाहिजे, आणि ही नोंद बंद करता येता कामा नये. म्हणजे कुंडईच्या अकाउंट्समधल्या मुलीने ५०० रुपयांची एंट्री दुरुस्त केली तरी तिचा माग राहतो. १४ माणसांची यादी कोणत्या निकषांवर काढली, ते निकष कोणी ठरवले, यादी कोणी वाचून मान्य केली, याचा माग ठेवायला मात्र कोणी सांगत नाही. संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त ३० दिवसांत लिहून ठेवावे लागते, पण अशा याद्या मंडळापर्यंत जातच नाहीत. जो नियम पाचशे रुपयांना लागतो तो माणसांना लावा. माणसाच्या पोटावर येणाऱ्या प्रत्येक यंत्रनिर्मित निर्णयाखाली एका माणसाचे नाव असावे. ‘समिती’ नको, ‘व्यवस्थापन’ नको, एक नाव. आणि विचारायला येणाऱ्याला त्या माणसाने समोर बसून, विचारणाऱ्याच्या भाषेत, कारण सांगावे. वेर्ण्यात आणि कुंडईत ती भाषा कोकणी असेल, मराठी असेल, आता हिंदी आणि ओडियाही असेल. दुभाष्याचा खर्च सॉफ्टवेअरच्या परवान्यापेक्षा कमीच येईल.

जुन्या कायद्यात याचे बीज होते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, यंत्रे किंवा पद्धत बदलल्याने माणसे कमी होण्याचा संभव असेल तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. कंत्राटी बायकांच्या वाट्याला त्यातले प्रत्यक्षात काही येत नसे ही गोष्ट वेगळी. नव्या श्रमसंहितेत कामगार कमी करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची पायरी १०० कामगारांवरून ३०० वर गेली. गोव्यातल्या वसाहतींत ३०० कायम कामगारांचे कारखाने किती, हे बसस्टॉपवर उभे राहून मोजता येईल.

पगाराबद्दलही बोलायला हवे, नाहीतर हे सगळे हवेत राहते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना वार्षिक अहवालात छापावे लागते, की संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे. कोणीही अहवाल उघडून वाचावे. ती पट मोठी का, असे विचारले की एकच उत्तर मिळते: त्यांच्या डोक्यावर केवढी जबाबदारी! ठीक आहे. जबाबदारी घेत असाल तर घ्या पगार, मी मोजायला बसणार नाही. पण यादी सिस्टमने काढली, अंदाज सिस्टमने बांधला, उत्तर सिस्टमने दिले, असे असेल तर त्या पटीतला तेवढा हिस्सा सिस्टमच्या नावे काढावा. सिस्टमला घर चालवायचे नसते, पोरांच्या फिया भरायच्या नसतात. ते पैसे पॅकिंगमध्ये वाटता येतील. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीच्या प्रमुखांनी २०२५ साली तिमाहीचे निकाल स्वतःच्या एआय-प्रतिमेकडून वाचून दाखवले. बातमीत कौतुक होते. त्या तिमाहीचा त्या मिनिटांपुरता पगार कोणाच्या खात्यात गेला, एवढे बातमीत नव्हते.

हा लेख लिहायला बसले तेव्हा जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या. २७ वर्षांच्या २७, लाल पाठीच्या, काहींना वाळवी लागलेली. १९९७च्या वहीत त्या दिवसाच्या पानावर दुपारनंतर काहीच नाही, फक्त आडवी रेघ आणि बाजूला माझ्या अक्षरात ‘बांबोळी’. मग २०१९ची काढली. १४ जणांच्या यादीची तारीख मला पाठ आहे. त्या पानावर सकाळी साडेदहा, बँकेचे लोक, चहा चार. बारा, ऑडिटर. दोन वाजता गाडी, दाबोळी. यादीचा कुठे उल्लेख नाही. मंजुरी त्यांनी मोबाईलवर दिली असणार, गाडीतच, बहुधा कुठ्ठाळीच्या पुलावर, तिथे तेव्हा नेहमीच ट्रॅफिक तुंबायचा.